लोखंडी वाटेचा भरवसा

कळसूबाईच्या वाटेवर अवघड टप्प्यांना लोखंडी शिड्या आहेत, कडेला साखळ्या आणि कठडे आहेत. रतनगडालाही शिड्या चढूनच दरवाजात पोचता येतं. सह्याद्रीत भटकणाऱ्या प्रत्येकाच्या तळव्याला या लोखंडाची ओळख असते. साखळी मुठीत आली की जीव भांड्यात पडतो, आणि आपल्याकडच्या त्या चारदोन टप्प्यांपुरतं ते ठीकही असतं. पण हाच भरवसा उराशी धरून माणूस इटलीच्या ईशान्येला डोलोमाइट डोंगररांगेत गेला आणि कड्यावर ठोकलेली पोलादी तार पाहून ‘ही तर आपलीच साखळी, फक्त लांब’ असं समजला, तर तो मोठ्या चुकीच्या उंबरठ्यावर उभा असतो. तिथल्या वाटांना इटालियनमध्ये ‘व्हिया फेराटा’ म्हणतात. शब्दशः अर्थ लोखंडी वाट. जर्मन भाषिक त्यांना ‘क्लेटरश्टाइग’ म्हणतात. इंग्रजी पुस्तकं आणि सहलवाले त्यांना ‘संरक्षित मार्ग’ म्हणतात, आणि माझं भांडण या ‘संरक्षित’ शब्दाशी आहे. तार वाटेला सोपं करते, डोंगराला करत नाही. पडणाऱ्याला ती धरते, पण पडू देत नाही असं मुळीच नाही, आणि धरताना ती जी किंमत घेते ती आधी समजून घेतली तरच या वाटांवर पाय ठेवावा.

या वाटांचं घर पाहायचं तर कोर्तिना द’आम्पेझ्झो या गावाच्या आसपास फिरावं. गावापासून पश्चिमेला रस्ता वळणं घेत 2105 मीटर उंचीवरच्या फाल्झारेगो खिंडीत चढतो. तिथे उत्तरेकडे मान वर केली की लागाझुओईची भिंत दिसते आणि आग्नेयेला चिंक्वे तोर्रीचे सुळके. हे डोंगर एकेकाळी उथळ उष्ण समुद्राचा तळ होते. त्या समुद्रात साठलेल्या थरांचा खडक आता उभा चिरलेला आहे, आणि थरांच्या सांध्यांवर कड्याच्या पोटातून आडव्या पट्ट्या धावतात. इटालियनमध्ये अशा पट्टीला ‘चेंजा’ म्हणतात. सह्याद्रीत लाव्ह्याचे थर एकावर एक बसल्याने जसे कड्यांना टप्पे पडलेत, तसंच हे रूप, जन्मकथा मात्र वेगळी. लोखंडी वाटांचं सगळं गणित या पट्ट्यांवर बसलेलं आहे. पट्टीवरून आडवं चालायचं, पट्टी संपली की तारेच्या, शिडीच्या किंवा लोखंडी कड्यांच्या आधाराने पुढच्या पट्टीवर चढायचं. चालणं आणि चढणं यांच्यामधली ही जागा आहे. चालणाऱ्याला ती अवघड वाटते, कातळारोहण करणाऱ्याला सोपी, आणि दोघांच्याही अंदाजात इथेच खोट येते.

हे लोखंड आलं कुठून, याचं उत्तर ‘पहिल्या महायुद्धातून’ असं सहसा दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. ऑस्ट्रियातल्या डाखश्टाइन शिखरावर 1843 मध्येच लोखंडी मेखा आणि दोर लावून वाट केलेली होती, आणि मार्मोलाडा या डोलोमाइटमधल्या सर्वांत उंच, 3343 मीटरच्या शिखराची पश्चिम धार 1903 मध्ये लोखंडाने बांधली गेली. गिर्यारोहक मंडळांना आपल्या सभासदांना शिखरावर न्यायचं होतं, तो त्यामागचा हेतू. पण 1915 च्या मे महिन्यात इटली ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्धात उतरली आणि सीमा नेमकी या सुळक्यांवरून गेली. त्यानंतर 1917 च्या शरदापर्यंत दोन्ही सैन्यं या कड्यांवर राहिली. लागाझुओईच्या भिंतीतली ‘चेंजा मार्तिनी’ ही पट्टी इटालियन आल्पिनी (पहाडी) सैनिकांनी 1915 मध्ये ताब्यात घेतली. वर ऑस्ट्रियन, मध्ये इटालियन. एकमेकांना हुसकायला दोघांनी डोंगराच्या पोटात बोगदे खणले, सुरुंग उडवले. 20 जून 1917 चा इटालियन सुरुंग डोंगराचा एक सुळकाच फोडून गेला. त्याचा ढिगारा आजही भिंतीखाली पसरलेला आहे, आणि बोगद्यातून हेल्मेट आणि कपाळदिवा लावून आज कुणालाही जाता येतं. दोन हिवाळे तिथे शिधा, दारूगोळा, जखमी माणसं वरखाली नेण्यासाठी लाकडी शिड्या, दोर, मेखा लागत. युद्धानंतर त्यातल्याच कित्येक वाटांना पोलादी तारा लावून त्या भटक्यांसाठी नव्याने बांधल्या गेल्या. मराठी वाचकाला इथे एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. 1818 मध्ये मराठी राज्य संपवताना इंग्रजांनी सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंगांनी उडवल्या. अलंग आणि मदनचे तुटलेले पायरीमार्ग आज दोर लावूनच ओलांडावे लागतात. डोलोमाइटमध्ये सैन्याने डोंगरावर वाट चढवली, सह्याद्रीत सैन्याने डोंगरावरची वाट उतरवून टाकली.

या इतिहासातून एक चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. सैनिक ओझी घेऊन, खिळ्यांचे बूट घालून, ना हार्नेस ना हेल्मेट अशा अवस्थेत या वाटांवर चढले, मग आपल्याला एवढा सरंजाम कशाला, असं कुणी विचारील. याचं उत्तर मार्मोलाडाच्या उतारावर आहे. 13 डिसेंबर 1916 ला तिथल्या ऑस्ट्रियन छावणीवर हिमलोट कोसळला आणि एका पहाटेत शेकडो सैनिक गाडले गेले. या आघाडीवर बर्फ, थंडी आणि दरड यांनी शत्रूच्या गोळ्यांइतकीच माणसं खाल्ली. ते चढले, कारण त्यांना चढणं भाग होतं. त्यांच्या जगण्यामरण्याचा हिशेब आपल्या सुट्टीच्या सहलीला लावणं हा त्यांचाही अपमान आहे.

आता तारेकडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याचा कणा तिथे आहे. सुमारे बोटभर जाडीची पोलादी तार कड्यावर मेखांनी ठिकठिकाणी जखडलेली असते. दोन मेखांमधलं अंतर काही ठिकाणी दोन मीटर, काही ठिकाणी चार-पाच मीटर. चढणाऱ्याच्या हार्नेसला दोन पट्टे असतात, प्रत्येकाच्या टोकाला कॅराबिनर, म्हणजे उघडता-मिटता येणारी धातूची कडी. दोन्ही तारेत अडकवायचे. मेख आली की एक काढून मेखेपलीकडे लावायचा, मग दुसरा. म्हणजे कोणत्याही क्षणी एक तरी तारेत राहतो. हे ऐकायला निर्धोक वाटतं. आता धरून चाला की तुम्ही वरच्या मेखेच्या जरा खाली आहात आणि हात निसटला. कॅराबिनर तारेवर मोकळा घसरतो. खालच्या मेखेपर्यंत चार मीटर असतील तर ते चार मीटर तुम्ही पडणार, त्यावर पट्ट्याची लांबी, म्हणजे आणखी मीटरभर. पाच मीटरांचा पडाव एक मीटरच्या पट्ट्याने थांबवायचा. दोराने चढणाऱ्यांच्या जगात पडलेलं अंतर आणि त्याला थांबवणाऱ्या दोराची लांबी यांचं गुणोत्तर काढतात, आणि दोराच्या साध्या चढाईत ते 2 च्या पुढे जाऊ शकत नाही. दोर ताणला जातो, बिले देणाऱ्याच्या, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याच्या, हातातून थोडा सरकतो, त्यामुळे धक्का विरतो. लोखंडी वाटेवर हेच गुणोत्तर 5 आणि त्याहूनही वर जातं, आणि खाली बिले देणारा कुणी नसतो. ज्यांनी सह्याद्रीत सुळके चढलेत त्यांनी तर हे गणित पुन्हा पुन्हा मनात घोळवावं. आपल्या बॅगेत पडलेल्या दोन साध्या स्लिंग हार्नेसला बांधून या तारेवर चढणं ही अनुभवी माणसाच्या हातून होणारी चूक आहे. तो धक्का स्लिंग किंवा कॅराबिनर सोसणार नाही, आणि त्यांनी सोसला तर माणसाचं शरीर सोसणार नाही.

म्हणून या दोन पट्ट्यांच्या फेराटा संचात पट्ट्यांच्या मुळाशी धक्काशोषक असतो. एका छोट्या पिशवीत घडी घालून शिवलेली पट्टी, जिच्या शिवणी जोराचा हिसका बसला की एकामागून एक उसवत जातात आणि धक्क्याची ताकद शोषून घेतात. संचासाठी युरोपीय मानक ‘ईएन 958’ आहे. 2017 मध्ये ते कडक झालं. 40 ते 120 किलो वजनाच्या माणसासाठी संच चालला पाहिजे, 120 किलोंच्या वजनाच्या चाचणीत धक्का 6 किलोन्यूटनांपलीकडे जाता कामा नये, 40 किलोंच्या चाचणीत 3.5 च्या पलीकडे नाही, आणि शिवणी उसवायचं अंतर 2.2 मीटरांपर्यंत मान्य आहे. हा शेवटचा आकडा नीट वाचावा. पाच मीटर पडल्यावर शोषक आणखी दोन मीटर उसवू शकतो. म्हणजे खालच्या मेखेखाली सरळ मोकळी हवा असेल तरच संच आपलं काम पुरतं करतो. पण लोखंडी वाट क्वचितच मोकळ्या हवेत असते. खाली खडकाचा कंगोरा असतो, पाय ठेवायची लोखंडी कडी असते, कधी तुमच्या मागून येणारा माणूस असतो. शोषक उसवून संपण्याआधीच शरीर त्यांच्यावर आदळतं. म्हणून तिथले मार्गदर्शक एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगतात, की फेराटावर पडायचं नसतं. संच मृत्यू टाळण्यासाठी आहे, पडाव सुखरूप करण्यासाठी नाही. दोराच्या चढाईत, भिंतीवर सरावाला, तरुण मुलं पडून पडून शिकतात. ती सवय इथे सोडून यावी लागते.

साहित्याची चर्चा याच प्रकाशात करायला हवी. 40 किलोंहून हलक्या मुलाच्या वजनाने शोषक पुरेसा उसवत नाही, म्हणून मुलांना वरून दोराने बिले द्यावा लागतो, मग त्यांच्याकडे कितीही चांगला संच असो. संच हार्नेसला गाठीने, पट्ट्याच्या फासातून फास ओढून बांधतात, मध्ये आणखी एक कॅराबिनर घालत नाहीत. कॅराबिनर मोठ्या तोंडाचे, तळव्याने दाबून उघडणारे आणि आपोआप बंद होणारे असतात, कारण दिवसभरात ते शेकडो वेळा काढायचे-लावायचे असतात आणि थकलेली बोटं स्क्रूचं कुलूप फिरवायला विसरतात. थकल्यावर लोखंडी कडीला अडकून विसावा घेण्यासाठी वेगळी छोटी स्लिंग ठेवावी, मात्र ती चालू लागण्याआधी काढलीच पाहिजे. ती लावलेली असताना पडलात, तर शोषक बाजूला राहतो आणि सगळा धक्का त्या छोट्या स्लिंगवर आणि तुमच्या कण्यावर बसतो. हेल्मेट खालच्याला वरच्याच्या पायाखालून सुटणाऱ्या दगडांपासून वाचवतं, आणि डोलोमाइटचा खडक सुटतो. तारेचे तुटके धागे तळव्यात शिरतात, म्हणून हातमोजे. पाठीवर भरलेली सॅक असेल तर पडताना शरीर उलटं होतं, हे सह्याद्रीत मोठ्या सॅकसह दोर लावून चढणाऱ्यांना सांगायला नको. आणि संचाला वय असतं. 2012 मध्ये ऑस्ट्रियात संचाचे दोन्ही पट्टे तुटून एका गिर्यारोहकाचा मृत्यू झाला. वापराने झिजलेले लवचिक पट्टे हे त्याचं कारण निघालं, आणि पुढच्या काही महिन्यांत युरोपभर अनेक प्रकारचे संच परत मागवले गेले. कापडी पट्टा मुका असतो. झिजला तरी वरून ते दिसतंच असं नाही. म्हणून मित्राने उसना दिलेला जुना संच वापरण्यापेक्षा तिथल्या दुकानातून एका दिवसाच्या भाड्याने घेतलेला, उत्पादनाची तारीख वाचून घेतलेला संच मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

तार डोंगराला सोपं करत नाही याचा दुसरा पुरावा वाटांच्या श्रेणींत आहे. ऑस्ट्रियात या वाटांना ए ते ई अशी अक्षरं देतात. त्यातून फक्त सर्वांत कठीण टप्प्याचं बळ कळतं. डोलोमाइटबद्दलच्या इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांनी मात्र 1 ते 5 हे आकडे आणि ए, बी, सी ही अक्षरं असं जोडपं रूढ केलं. आकडा चढाईची कठिणाई सांगतो, अक्षर वाटेचं गांभीर्य: ती किती लांब आहे, मधून बाहेर पडता येतं का, हवा बिघडली तर काय. मला हे जोडपं अधिक प्रामाणिक वाटतं. रस्त्याला लागून असलेली, दंडाची ताकद काढणारी 5 आकड्याची वाट दीड तासात संपते आणि माणूस खाली येऊन कॉफी पितो. उलट 2 किंवा 3 आकड्याची सी अक्षराची वाट दिवसभर माणसाला उंचीवर ठेवते, आणि तिच्यावर हात नाही, निर्णय चुकतात. डोलोमाइटमध्ये उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी वादळं येतात, हा तिथला नित्यक्रम आहे. तेव्हा माणूस कुठे असतो? कड्यावर, शेकडो मीटर लांब पोलादी तारेला धातूच्या कॅराबिनरने बांधलेला. ‘संरक्षण’ हा शब्द तिथे उलटा होतो. विजेच्या वेळी तार हा धोका आहे आणि तारेपासून सुटणं हाही धोका आहे. त्यावर उपाय फक्त पहाटे निघण्याचा आणि दुपारआधी खिंडीत उतरलेलं असण्याचा. जूनमध्ये सावलीतल्या घळींत घट्ट बर्फ असतो, तार बर्फाखाली गाडलेली असते. म्हणून साधारणपणे जुलै ते सप्टेंबर हाच या वाटांचा खरा मोसम.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. हजारो माणसं दर उन्हाळ्यात या वाटांवर जातात, बहुतेक सगळी सुखरूप परततात. मग पडण्याच्या गणिताचा एवढा बाऊ कशाला? मी हे मान्य करतो की पडून मरणारे थोडे असतात. पण जर्मन अल्पाइन क्लबच्या अपघातनोंदी पाहिल्या, तर फेराटावरून सुटकेसाठी हाका मारणाऱ्यांत मोठा वाटा जखमी न झालेल्यांचा असतो. हात थकले, भीती बसली, पुढे जाता येईना आणि मागे उतरता येईना, अशा माणसांचा. हेलिकॉप्टर त्यांना कड्यावरून उचलतं. हीच माणसं तार नसती तर त्या कड्याच्या पायथ्याशीच थांबली असती. उघड्या कातळावर माणसाची कुवत पहिल्या वीस फुटांत संपते आणि तो परत फिरतो. तारेवर कुवत संपते ती दोनशे मीटर वर, जिथून परत फिरणं अधिक कठीण, कारण मागून माणसं येत असतात आणि उतरताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही. आक्षेपाने माझं म्हणणं खोडलं जात नाही, त्याला दुजोरा मिळतो. अपघात कमी होतात ते तारेने नव्हे. तार लावली तरी परत फिरण्याचा निर्णय पायथ्याशीच घेणाऱ्या माणसांमुळे.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा, आणि तो गिर्यारोहणाच्या आतून येतो. कड्यात लोखंड ठोकून डोंगराला माणसाच्या पातळीवर आणणं हा डोंगराशी अन्याय आहे, असं मानणाऱ्यांची परंपरा याच डोंगरांत आहे. पाउल प्रॉइस या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने 1911 मध्ये मेखांच्या वापराविरुद्ध जाहीर वाद घातला, आणि त्याच वर्षी ब्रेंता रांगेतल्या कांपानिले बास्सो या सुळक्याची पूर्व भिंत दोराविना, एकट्याने चढून दाखवली. दोन वर्षांनी, 1913 मध्ये, एकट्याने चढतानाच तो पडून गेला. 1968 मध्ये गिर्यारोहक राइनहोल्ड मेस्नरने बोल्टांविरुद्ध लिहिलेल्या लेखात म्हटलं होतं की अशाने अशक्यतेचाच खून होतो. मला प्रॉइसबद्दल अपार आदर आहे, पण त्याचा नियम सगळ्यांना लावला तर उंच डोंगर केवळ असाधारण माणसांसाठी उरतील, आणि एवढी कठोर वाटणी मला मान्य नाही. या वादावर सर्वांत चांगलं उत्तर दगडातच कोरलेलं आहे, आणि तेही त्याच ब्रेंता रांगेत. ‘व्हिया देल्ले बोक्केत्ते’ ही 1930 च्या दशकात सुरू झालेली लोखंडी वाट सुळक्यांच्या पोटातून, पट्ट्यांवरून, खिंडींमधून नेते, आणि कोणत्याही शिखरावर चढत नाही. ती कांपानिले बास्सोच्या पायाला वळसा घालून पुढे जाते. वाट बांधणाऱ्यांनी हे ठरवून केलं. शिखरं ज्यांना दोराने चढायची आहेत त्यांच्यासाठी राखली. तारेवरून जाणारा सामान्य भटका त्या सुळक्याजवळून मान वर करून जातो आणि वर एखादी दोरजोडी दिसली तर थांबून पाहतो. लोखंडाने कुठे थांबायचं हे ठरवलेलं आहे, म्हणून ती वाट मला सर्वांत सुंदर वाटते. उलट शहराजवळच्या कड्यांवर, केवळ थरारासाठी लोंबते पूल आणि उलट्या लटकत्या शिड्या लावून बांधलेल्या नव्या वाटांबद्दल माझं मत तितकं चांगलं नाही. तिथे कड्यावर जायला लोखंड नसतं, लोखंडासाठी कडा वापरलेला असतो.

सह्याद्रीत अशा वाटा बांधाव्यात का, हा प्रश्न मराठी भटक्यांच्या मनात येणारच. मला घाई नको वाटते. चार महिने धुवांधार पाऊस, दमट हवा, कोकणाकडून येणारं खारं वारं, यात पोलादी तार आणि मेख किती लवकर गंजेल, आणि दर वर्षी पावसानंतर ती कोण तपासेल, या प्रश्नाचं उत्तर आधी हवं. आल्प्समध्ये या वाटा गिर्यारोहक मंडळं आणि गावं सांभाळतात, मेखा बदलतात, खराब झाल्यास वाट बंद करतात. गंजलेली तार नसलेल्या तारेपेक्षा वाईट, कारण तिच्यावर माणूस विश्वास ठेवतो. आपल्या हरिहरगडाच्या पायऱ्यांना हात घालायला कातळातच खोबण्या कोरलेल्या आहेत. त्या गंजत नाहीत.

आणि शेवटची एक गोष्ट, जी नकाशावर सहसा नजरेतून सुटते. डोलोमाइटमधल्या बहुतेक लोखंडी वाटा चढायच्या बाजूने बांधलेल्या असतात. शिखरावर तार संपते. उतरण मागच्या बाजूने, घसाऱ्यावरून, कुठे बारीक खडीच्या तिरप्या पायवाटेवरून, कुठे घळीतून जाते, आणि तिथे एकही मेख नसते. हार्नेस अंगावर असतो, पट्टे गुडघ्यापाशी लोंबत असतात, त्यांना अडकायला काही नसतं. दिवसभर तारेच्या ओळीत पावलं टाकणाऱ्या पायांना आता उतारावर प्रत्येक दगड स्वतः तपासावा लागतो, तोही थकल्यावर, दुपारच्या ढगांखाली. म्हणून नकाशा उघडताना लाल ठिपक्यांची तारेची रेघ आधी पाहण्याऐवजी, मी ती जिथे संपते तिथून खाली आश्रयघरापर्यंत किती मीटर उतरायचं आहे ते आधी मोजतो.